ओढ्याची रुंदी कुणी घेऊ नये: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

सप्टेंबर २०२५मध्ये सोलापूर जिल्ह्यातली सीना नदी पात्र सोडून माढा, मोहोळ, दक्षिण सोलापूरच्या शिवारांत शिरली. तेव्हापासून ओढे, नाले, चर यांच्याबद्दलचे प्रश्न वाढले आहेत. मी जलसंधारणाच्या कामांवर उमेदीची वर्षं काढली, त्या अनुभवावरून निवडक प्रश्नांना उत्तरं देतो.

बार्शी तालुक्यातून एक शेतकरी: *आमच्या वरच्या अंगाचा ओढा शेजाऱ्याने सपाट करून त्यावर सोयाबीन पेरलं. आता पाणी माझ्या द्राक्षबागेतून जातं. बोललो तर म्हणतो, ‘ओढा तर बारा महिने कोरडाच असतो.’ काय करावं?*

‘कोरडाच असतो’ हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आणि आपल्या जिल्ह्यातलं बरंचसं नुकसान याच वाक्यातून झालेलं पाहिलं. आपल्याकडे ओढा वर्षातले बहुतेक महिने कोरडा असतो हे खरं. पण सोलापूरचा सर्वांत जोराचा पाऊस सप्टेंबरात येतो आणि एखाद्या रात्रीत महिन्याभराचा पडून जातो. ओढ्याची रुंदी त्या रात्रीसाठी असते. हिशेब साधा आहे: पात्राची रुंदी निम्मी केली, तर तेवढंच पाणी वाहून जायला पाण्याची उंची साधारण दीडपट होते. जिथे मीटरभर पाणी चालायचं तिथे दीड मीटर चढतं, आणि काठ तेवढा उंच नसेल तर ते तुमच्या बागेत येतं.

आता कायद्याचं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६च्या कलम २०नुसार नद्या, नाले, ओढे शासनाच्या मालकीचे आहेत. गावनकाशा काढा, त्यात ओढा दाखवलेला असतो. शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर ‘पोटखराब ब’ अशी नोंद आहे का तेही पाहा, ओढ्याखालचं क्षेत्र तिथे येतं. मग तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६च्या कलम ५खाली अर्ज करा. शेतजमिनीवरून नैसर्गिकपणे वाहणाऱ्या पाण्याला कुणी बेकायदा अडथळा केला आणि त्यामुळे जमिनीचं किंवा पिकाचं नुकसान होत असेल, तर तो काढायला लावण्याचा अधिकार त्यांना आहे. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज हवा. ‘दिवाळीनंतर बघू, बसून मिटवू’ म्हणता म्हणता ही मुदत निघून गेलेली मी कितीदा पाहिली आहे. बसून मिटवा, जरूर मिटवा, पण अर्ज देऊन मग बसा. आणि पाऊस पडत असताना मोबाईलवर चित्रण करून ठेवा, पाहणीच्या दिवशी ओढा कोरडाच असणार आहे.

मंगळवेढा तालुक्यातून: *लोकवर्गणीतून शेतरस्ता केला. ओढ्यावर दोन फुटी सिमेंटचा एक नळ टाकून वर मुरूम भरला. पहिल्याच मोठ्या पावसात रस्ता वाहून गेला आणि वरच्या बाजूची ज्वारीची रानं तुंबली. नळ चांगल्या प्रतीचा होता. चूक कुठे झाली?*

नळ चांगला होता, पण अपुरा होता. तुमच्या ओढ्याला वरून सव्वाशे एकरांचं, म्हणजे सुमारे ५० हेक्टरांचं पाणी येतं असं धरू. तासाला ५० मिलिमीटर वेगाने पाऊस पडला आणि त्यातला निम्मा वाहून आला, तर ओढ्यात सेकंदाला साडेतीन हजार लिटरच्या आसपास पाणी येतं. दोन फुटी नळ पूर्ण भरून, सेकंदाला दोन मीटर वेगाने वाहिला, तरी साडेपाचशे-सहाशे लिटरच नेतो. म्हणजे असे सहा नळ हवे होते. तीन फुटी घेतले असते तरी तीन लागले असते. मंगळवेढ्याची काळी जमीन एकदा भिजून भेगा मिटल्या की पाणी आत घेत नाही, त्यामुळे निम्म्याहून जास्तही वाहून येऊ शकतं.

शिवाय पुराबरोबर कडबा, पाचट, बाभळीच्या काटेरी फांद्या येतात. लहान नळाचं तोंड पहिल्या अर्ध्या तासात बंद होतं आणि तुमचा रस्ता धरण होऊन बसतो, ज्याला सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी जायची वाट, नाही.

माझा सल्ला असा की तिथे पुन्हा नळ टाकूच नका. ओढ्याच्या तळाला समपातळीत दगडी किंवा काँक्रीटची फरसबंदी करा, दोन्ही बाजूंनी उतार द्या आणि पूर रस्त्यावरून जाऊ द्या. खालच्या कडेला मोठे दगड रचा, नाहीतर पाणी तिथे खड्डा पाडून फरसबंदी उचकटतं. वर्षातले दोन-चार दिवस रस्ता बंद राहील. पाणी उतरेपर्यंत बैलगाडी-ट्रॅक्टर कुणीही घालायचा नाही, हे मात्र गावाने ठरवून घ्यावं.

मोहोळ तालुक्यातून, सीनाकाठची एक वाचक: *पुरात आमच्या काठाची जमीन तुटून गेली. समोरच्या काठाला वाळू साचली आहे. गावात चर्चा आहे की जेसीबी लावून नदी सरळ आणि खोल करून घ्यावी. ते योग्य होईल का?*

ताई, तुमची जमीन गेली याचं दुःख मला कळतं, तरीही नदी सरळ करू नका. वळणावर बाहेरचा काठ तुटणं आणि आतल्या काठाला वाळू साचणं हे नदीचं नेहमीचं वागणं आहे. वळण कापलं की तेवढाच उतार कमी अंतरात बसतो, पाण्याचा वेग वाढतो आणि तुमचं संकट खालच्या गावाच्या काठावर जातं. तळ खोल केला तर दुसरीच गोष्ट सुरू होते: नदीला मिळणाऱ्या ओढ्यांचे तळ उंचावर लटकतात आणि ते वरच्या अंगाला खात खात जातात. एका ओढ्यावर आम्हीच खोलीकरण जरा उत्साहात केलं होतं. दोन पावसाळ्यांत वरच्या सिमेंट बंधाऱ्याचा पाया उघडा पडला. ती चूक मी विसरलेलो नाही.

शिवाय सीना हत्तरसंग-कुडलजवळ भीमेला मिळते. भीमेवरच्या उजनी धरणातून मोठा विसर्ग सुरू असताना भीमा चढलेली असते आणि संगमाच्या वरच्या बाजूला सीनेचं पाणी तुंबतं. तो फुगवटा तुमच्या गावापुढची नदी खोदून उतरणार नाही.

मग करायचं काय? पुलाच्या कमानीत आणि बंधाऱ्यावर अडकलेली झाडं, ओंडके, कचरा आधी काढून घ्या. काठाचा उभा कडा तसाच राहिला तर पूर ओसरताना भिजलेली काळी माती ढासळते, म्हणून त्याला उतार द्या, उंचीच्या दीड ते दोन पट आडवा. पायथ्याला जाळीत बांधलेले दगड, त्यावर वाळा, निर्गुडी, बांबू. घरांचा राडारोडा काठावर ओतू नका, पहिल्या पुरात तो नदीत जाऊन पुढच्या बंधाऱ्याला अडकतो. आणि वाळू किंवा मुरूम काढायचा विषय आला, तर महसूल खात्याच्या परवानगीशिवाय एक पाटीही हलवता येत नाही, हे गावातल्या उत्साही मंडळींना सांगा.

माळशिरस तालुक्यातून: *उसाच्या रानात पांढरी खपली येते. चर काढला, जिप्सम टाकलं, फरक नाही.*

चराचं पाणी शेवटी कुठे जातं, ते चालत जाऊन बघितलंत का? कालव्याखालच्या भागात नेहमी सापडणारा दोष असा: चर खोल आहे, पण ज्या ओढ्यात तो सोडलाय त्याचा तळ गाळाने वर आलेला असतो. मग चरात पाणी उभं राहतं, जमिनीतली पाणीपातळी वर राहते, ऊन लागलं की क्षार पृष्ठभागावर येतात. म्हणून काम ओढ्याच्या खालच्या टोकापासून सुरू करून वर यायचं. चराचं तोंड ओढ्याच्या तळापेक्षा वीतभर तरी उंच पडलं पाहिजे.

जिप्समबद्दल: ते चोपण, म्हणजे सोडियम साचून घट्ट झालेल्या जमिनीचं औषध आहे. जमीन नुसती क्षारयुक्त असेल तर त्याचा उपयोग नाही, तिथे क्षार धुऊन बाहेर जायला हवेत. आधी माती तपासा. सामू (पीएच) साडेआठच्या वर गेला असेल आणि पाण्यात मातीचा चिखल होऊन ती निवळत नसेल, तर चोपण समजा. दोन्हीकडे निचरा आधी, बाकी नंतर. आणि ठिबकवर या. पाट मोकळा सोडून रात्रभर पाणी दिलं, तर कोणताही चर पुरणार नाही.

सांगोल्यातून: *ओढ्यात वेडी बाभूळ माजली आहे. तोडली की दुप्पट फुटते.*

फुटणारच. पात्रातली मुळासकट उपटा, उन्हाळ्यात. काठावरची एकदम काढू नका, काठ उघडा पडेल. तिथे आधी करंज, उंबर, जांभूळ लावा, ती धरली की मग टप्प्याटप्प्याने बाभूळ काढा.

सोलापूर शहर, शेळगी परिसरातून: *दर मे महिन्यात नालेसफाई होते, तरी सप्टेंबरात पाणी घरात. असं का?*

दोन कारणं. पहिलं, काढलेला गाळ काठावरच ढीग करून ठेवतात आणि जूनच्या सरींबरोबर तो परत आत येतो. गाळ काढला त्याच आठवड्यात उचलून नेला पाहिजे. वॉर्डात काम सुरू असेल तेव्हा एवढी एक गोष्ट मागून घ्या. दुसरं, मेमध्ये साफ केलेल्या नाल्यात ऑगस्टपर्यंत गवत आणि प्लास्टिक पुन्हा भरतं, आणि आपला मोठा पाऊस तर त्यानंतर येतो. गौरी-गणपतीच्या आधी दुसरी फेरी व्हायला हवी, निदान पुलांखाली आणि नाल्याच्या वळणांवर. मुंबईचं वेळापत्रक सोलापूरला लावून भागत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. बंदिस्त गटारात माणूस उतरवू नका, खासगी सोसायटीनेही नाही. आत विषारी वायू असतो, आणि हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय ते करायला लावणं गुन्हा आहे.

दक्षिण सोलापूरमधून: *आमच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची दारं कधी टाकावीत? उशीर केला तर पाणी निघून जातं.*

ऑक्टोबरात, परतीचा पाऊस ओसरतोय याचा अंदाज घेऊन, आणि पाण्याबरोबरचा गढूळपणा कमी झाल्यावर. गढूळ पाणी अडवलं की बंधारा गाळाने भरतो. सप्टेंबरात घाईने दारं टाकली आणि वरून लोंढा आला, तर दारं काढता येत नाहीत. मग नदी बंधाऱ्याला वळसा घालून काठ फोडते, आणि पाण्याबरोबर शेतही जातं. थोडं पाणी निघून गेलं तरी चालेल. काढलेली दारं मोजून, रंगवून, कुलपात ठेवा, रबर पट्ट्या मे महिन्यातच तपासा. ऐनवेळी चार दारं कमी निघाली, की त्या फटीत गोणपाट आणि माती कोंबायची वेळ येते, आणि ती माती डिसेंबरपर्यंतही टिकत नाही.