आईला सांगू नकोस, असं धर्मपुत्र म्हणाला तर

प्रिय माई,
मी ३८ वर्षांची, कोल्हापुरात नोकरी करते. माझ्या मामेबहिणीच्या मुलाची मी धर्ममाता (गॉडमदर) आहे. बाप्तिस्म्याला मीच त्याला हातात घेतलं होतं. तेव्हापासून नाताळला कपडे, वाढदिवसाला पाकीट, पहिल्या कम्युनियनला सूट, यापलीकडे मी फारसं काही केलेलं नाही. आता तो आठवीत आहे. फुटबॉलच्या प्रॅक्टिसचं कारण सांगून वर्षभर रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) बुडवतो. पुढच्या वर्षी त्याचं कन्फर्मेशन, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करण्याचा विधी, आहे. मागच्या महिन्यात रंकाळ्यावर भेळ खाता खाता म्हणाला, "मावशी, मला कन्फर्मेशन नको. आईला सांगू नकोस." इकडे बहीण रोज फोन करते, "तू गॉडमदर आहेस ना, मग समजाव की त्याला!" मी कुणाचं ऐकू? आणि आईवडिलांना काही झालं तर मूल धर्ममातेनंच सांभाळायचं असतं म्हणतात, ते खरं का?
पेचात पडलेली मावशी, कोल्हापूर

अगं मावशीबाई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, तो पटकन मिटणारा आहे. खरं नाही ते. मूल कुणाकडे जाणार हे १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमानुसार कोर्ट ठरवतं. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तुझं नाव आहे म्हणून कुणी मूल तुझ्या स्वाधीन करत नाही. बहिणीला ती काळजी असेल तर नवराबायकोनं वकील गाठावा आणि मृत्युपत्र करून ठेवावं.

आता भेळेच्या गाडीवरचं गुपित. आठवीतलं पोरगं जे आईला सांगत नाही ते तुला सांगतं, म्हणजे ते कपडे आणि ती पाकिटं काही वाया गेलेली नाहीत. तेव्हा 'मी काही केलं नाही' हे रडगाणं आधी बंद कर. पण गुपित पोटात धरून वर्षभर बसूही नकोस. ते त्यालाच जड होईल, आणि बहिणीला उद्या बाहेरून कळलं तर ती तुझ्या नावानं बोटं मोडेल. त्याला सरळ सांग, "मी आईला सांगणार नाही. पण तुलाच ते तिला सांगावं लागेल, आणि कन्फर्मेशनच्या क्लासला नाव घालायच्या आधी. हवं तर मी शेजारी बसते." बहिणीनं खोदून विचारलंच तर खोटं बोलू नकोस. "आमचं बोलणं झालंय, काय ते तो तुला सांगेल," एवढ्यावर थांब. (कुणी त्याला त्रास देतंय, जिवाचं काही बरंवाईट करायचं त्याच्या मनात आहे, असलं काही असेल तर मात्र वचनबिचन बाजूला. ते त्याच दिवशी आईबापांना कळलं पाहिजे.)

बहिणीच्या डोक्यात गॉडमदर म्हणजे पोराचा कान धरून त्याला चर्चमध्ये आणणारी बाई. कॅथलिक चर्चचा १९८३ चा कायदा तसं म्हणत नाही. धर्ममातेनं १६ वर्षं पूर्ण केलेली हवीत, ती कॅथलिक हवी, तिचं स्वतःचं दृढीकरण (म्हणजे कन्फर्मेशन) झालेलं हवं, ती श्रद्धेनं जगणारी हवी, आणि ती मुलाची सख्खी आई असता कामा नये. ही शेवटची अट मला फार शहाणपणाची वाटते. आईबापांनी मुलाला मुद्दाम बाहेरचं एक माणूस द्यायचं. ते माणूसही आईचेच निरोप पोचवायला लागलं तर पोराला दोन आया झाल्या, बोलायला कुणीच उरलं नाही. तुझं काम काय, तर ख्रिस्ती म्हणून जगायला त्याला मदत करायची. नापास-पास करायचं नाही.

कन्फर्मेशनच्या बाबतीत तर तो कायदा बहिणीच्या बाजूनं नाहीच. समज आलेल्या मुलाला शिकवण मिळालेली हवी, त्याच्या मनाची तयारी हवी, आणि बाप्तिस्म्याची वचनं त्याला स्वतःला पुन्हा देता यायला हवीत. बाप्तिस्म्याच्या वेळी "सैतानाचा त्याग करता का?" याला "होय" कोण म्हणालं होतं? तू आणि त्याचे आईबाप. आता ते त्याच्या तोंडून यायचं आहे. धपाटा घालून वदवलेल्या "होय"चा बिशपांना काय उपयोग आणि देवाला तरी काय? शिवाय हे आठवी-नववीतच उरकलं पाहिजे असं काही नाही. पंचविसाव्या वर्षीही कन्फर्मेशन घेता येतं. फार अडचण नसेल तर लग्नाआधी ते झालेलं असावं, असं चर्च सांगतं. पुढच्या वर्षी झालं नाही तर दार बंद होत नाही, हे बहिणीला तू सांग. चारचौघांत नको, स्वयंपाकघरात सांग.

तिची खरी भीती निराळीच असेल, असं मला वाटतं. आपला जिल्हा २००५ पासून सिंधुदुर्ग धर्मप्रांतात आहे. बिशप येणार, सावंतवाडीकडचे पाहुणे येणार, बरोबरीच्या पोरांचं होणार आणि याचं नाही. लोक काय म्हणतील? आईची ही काळजी मला कळते. पण तेवढ्यासाठी पोराला वेदीसमोर खोटं बोलायला लावायचं, हे मला पटत नाही.

बरं, त्याला नक्की काय नको आहे, हे तू विचारलंस का? पत्रात तरी दिसत नाही. कोल्हापुरात कॅथलिक घरातलं पोर असणं म्हणजे काय, हे आपण मोठी माणसं विसरतो. इथले बहुतेक ख्रिस्ती प्रोटेस्टंट. अमेरिकन मिशनरी वाइल्डर १८५२ मध्ये इथं आले, तेव्हापासूनचं ते काम. त्यामुळे वर्गात दुसरा ख्रिस्ती मुलगा असलाच तरी तो बहुधा वेगळ्या चर्चमध्ये जातो, आणि बाकीच्यांना दोन्ही सारखेच. "तुम्ही घरात इंग्लिश बोलता?" "तुमच्यात गणपती का बसवत नाहीत?" "चर्चमध्ये दारू देतात म्हणे?" आणि पोर तर घरी तांबडा-पांढरा ओरपणारं, पाटाकडील-दिलबहारच्या फुटबॉल मॅचला शाहू स्टेडियमवर घसा बसेपर्यंत ओरडणारं. त्याला चारचौघांत उठून दिसायचं नसेल. किंवा क्लासमधली प्रश्नोत्तरं पाठ करून वीट आला असेल. किंवा कुणाच्या आजारपणात त्यानं मनापासून प्रार्थना केली आणि माणूस गेलं, हे त्यानं कुणाला सांगितलंच नसेल. दुखणं कुठलं ते कळल्याशिवाय औषध काय देणार? आणि नुसता फुटबॉलच आडवा येत असेल तर शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून चालते. तुमच्या चर्चमध्ये ती असते का, फादरना विचार.

विचारायचं म्हणून त्याला सोफ्यावर समोर बसवू नकोस. प्रॅक्टिसला जा. पाण्याची बाटली घेऊन कडेला उभी राहा, ऑफसाइड कळत नसेल तर त्यालाच विचार. येताना गाडीवर मागे बसव. पाठीमागं बसलेलं पोर समोर बसलेल्या पोरापेक्षा जास्त बोलतं, कारण तुझं तोंड त्याला दिसत नाही. एकच प्रश्न विचार आणि मग गप्प राहा, सिग्नल सुटला तरी.

तोही तुला विचारेल, "तुला खरंच वाटतं देव आहे?" तेव्हा पाठ केलेलं उत्तर नको. मिस्सेत मन लागत नाही त्या रविवारीही तू का जातेस, जपमाळ हातात घेतेस ती कशासाठी, हे तुझ्या शब्दांत सांग. येत नसेल तर "मला माहीत नाही, दोघं मिळून फादरना विचारू" म्हण. तुझी इच्छाही लपवू नकोस. "तू कन्फर्मेशन घ्यावंस असं मला वाटतं, पण तुझ्या मनानं," हे ऐकायला त्याला काही जड जाणार नाही. मात्र त्याच्या बाजूनं होऊन आईची टर उडवणारी लाडकी मावशी व्हायचा मोह आवर. टर उडवायला मित्र आहेत.

पाकीट देत राहा, त्यात लाज कसली. भर घालायचीच तर बाप्तिस्म्याच्या तारखेची घाल. ती दाखल्यावर असते आणि सहसा कुणाच्या लक्षात नसते. त्या दिवशी त्याला फोन कर. पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून पेटवून दिलेली त्याची छोटी मेणबत्ती बहिणीच्या कपाटात, जुन्या साड्यांखाली, उन्हाळ्यानं वाकडी होऊन पडली असेल. ती शोधून काढा. डोक्यावर पाणी पडल्यावर तो किंचाळला की झोपूनच राहिला, ते सांग. आठवीतल्या पोरालाही स्वतःच्या बाळपणाच्या गोष्टी आवडतात, फक्त तो तसं दाखवत नाही.

हे सगळं करूनही तो नाहीच म्हणाला, तर बरोबरीच्या पोरांचं कन्फर्मेशन असेल त्या दिवशी त्याला टोमणे बसणार नाहीत, एवढं तू बघ. आणि हो म्हणाला, तर सोबत उभी राहणारी व्यक्ती बाप्तिस्म्याचीच असावी असं चर्चला वाटतं, पण तशी सक्ती नाही. त्यानं चर्चमधल्या एखाद्या मोठ्या दादाला निवडलं, तर रुसून बसू नकोस.

तुझी,
माई