गाडी स्वतः चालते, मग मोबाईल बघितला तर काय बिघडलं?

प्रश्न: नमस्कार. मी निपाणीचा, कामाला रोज बेळगाव अप-डाऊन करतो. दिवाळीत एडासवाली (ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा असलेली) गाडी घेतली, पुढच्या गाडीमागं आपोआप हळू-जोरात होते, पट्ट्यांच्या मधे राहून स्टेअरिंगपण फिरवते. मग हायवेला मी व्हॉट्सॲप बघतो, एखादा मेल टाकतो. बायको बाजूला असली की भांडण ठरलेलं. हात काढला की टूं-टूं वाजतं म्हणून मित्र म्हणतोय स्टेअरिंगला पाण्याची बाटली अडकव. अडकवू का?

उत्तर: नको हो, बाटली प्यायला ठेवा. बहुतेक गाड्यांना स्टेअरिंगवर हाताचा थोडा जोर लागला की माणूस जागेवर आहे असं वाटतं, डोळे कुठं आहेत ते कळत नाही, आणि बाटलीला तर डोळेच नाहीत. गाडी स्वतः किती चालते याच्या 0 ते 5 अशा सहा लेव्हल असतात त्यात तुमची गाडी लेव्हल 2 ची, म्हणजे ड्रायव्हर तुम्हीच, गाडी नुसती मदतनीस.

मेव्हण्याची अशीच गाडी मी चालवत होतो, वंटमुरी घाटात वळणावर पट्टा पुसट झाला आणि डायलवरचं हिरवं स्टेअरिंगचं चिन्ह गुपचूप करडं झालं, म्हणजे गाडीनं स्टेअरिंग सोडून दिलं, आवाज नाही काही नाही. मी चिन्हाकडं बघत होतो म्हणून कळलं, मेल वाचत असतो तर गाडी कुठं गेली असती देव जाणे. दुसरं म्हणजे रस्त्यात थांबलेली गाडी. चालत्या गाडीमागं ही नीट जाते, पण जोरात असताना पुढं उभी असलेली वस्तू सुटू शकते असं कंपन्यांच्या मॅन्युअलमधेच लिहिलेलं असतं, ते आपण वाचत नाही. आणि गळीत हंगामात आपल्याकडं काय उभं असतं? अंधारात पंक्चर झालेली उसाची ट्रॉली, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. 80 च्या स्पीडला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, पाच सेकंदाचा मेसेज म्हणजे 110 मीटर तुम्ही रस्त्यावर नव्हताच.

नुसतं बघत बसणं हे चालवण्यापेक्षा अवघड काम आहे, हे कुणी शोरूममधे सांगत नाही. रडारवरच्या लोकांची नजर का चुकते म्हणून मॅकवर्थ नावाच्या ब्रिटिश संशोधकानं माणसांना घड्याळासारख्या काट्याकडं दोन तास बघत बसवलं, 1948 मधे ते छापून आलं, पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढल्या होत्या. तुमचा प्रवास अर्ध्या तासाहून मोठा. 2018 च्या मार्चमधे अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेम्पी गावात उबरच्या स्वतः चालणाऱ्या, टेस्टिंगच्या गाडीनं रात्री रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं, ती गेली. नजर ठेवायलाच म्हणून आत ड्रायव्हर बसवलेली होती, आणि तपासात निघालं काय, तर तिचं लक्ष मोबाईलवरच्या कार्यक्रमात.

मेल करायचाच तर हत्तरगीजवळ चहाला थांबा, तिथं करा. हँड्सफ्री फोनपण लांबवू नका, हात मोकळे राहिले तरी डोकं फोनमधेच असतं. त्यापेक्षा वहिनींशी बोला (भांडलात तरी चालेल), त्यांना पुढची ट्रॉली दिसली की त्या मधेच गप्प तरी होतात नाहीतर ओरडतात, फोनवरच्या माणसाला ती दिसतच नाही.