फुटबॉल लिली की अ‍ॅमरिलिस? पानावरूनच कळतं

गॅलरीतल्या कुंडीतला कांदा तीन वर्षं नुसती पानं देतोय, शेजारी त्याला मे फ्लॉवर म्हणतात आणि नर्सरीवाले अ‍ॅमरिलिस, मग नक्की काय, असं तुम्ही विचारलंय. फुलाची वाट पाहू नका, पानाचं बूड बघा.

कांद्यातून थेट निघालेली, जाड, पट्टीसारखी, दोन बाजूंना पसरलेली पानं असली तर ती अ‍ॅमरिलिस. म्हणजे खरं तर हिपिअ‍ॅस्ट्रम, मूळची दक्षिण अमेरिकेची. खरी अ‍ॅमरिलिस दक्षिण आफ्रिकेतली, ती वेगळी. फुटबॉल लिलीचं, म्हणजे शेजाऱ्यांच्या मे फ्लॉवरचं, पान पातळ, रुंद, कडेला लाटा असलेलं. पानांचे देठ एकमेकांत गुंडाळून केळीसारखा आखूड बुंधा होतो आणि त्यावर तांबूस-जांभळे ठिपके असतात. ठिपके दिसले की शंका संपली. हीसुद्धा आफ्रिकेतलीच, शास्त्रीय नाव स्कॅडॉक्सस. जुन्या पुस्तकांत हिमँथस हे नाव सापडेल, कारण 1976 साली हा गट त्यातून वेगळा काढला.

दोघी एकाच कुळातल्या, पण हिवाळ्यात त्यांना सारखं वागवून चालत नाही. फुटबॉल लिलीची पानं दिवाळीच्या आसपास पिवळी पडून नाहीशी होतात. पहिल्या वर्षी मी त्या रिकाम्या कुंडीला रोज तांब्याभर पाणी घालत राहिले. फेब्रुवारीत उकरलं तर कांदा दाबला की बोट आत जात होतं आणि वास येत होता. फार वाईट वाटलं. आता ती कुंडी जिन्याखाली कोरडी ठेवते. मे महिन्यात वळवाची एक सर झाली की मातीतून टोक वर येतं आणि आठवडाभरात शंभराहून जास्त बारीक फुलांचा लाल चेंडू उभा राहतो. तिचे कांदे उगाच उकरू नका, रुसते.

तुमच्याकडे पानं बारा महिने असतील तर हिपिअ‍ॅस्ट्रमच असावी, आणि फूल न येण्याचं कारण बहुतेक कमी ऊन आणि वर्षभर पाणी. कांद्याचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर ठेवा, दिवाळीनंतर दोन महिने पाणी तोडा, मग उन्हात ठेवून पाणी आणि थोडं शेणखत सुरू करा. मार्च-एप्रिलमध्ये पोकळ दांडा येईल, त्यावर दोन ते चार मोठे कर्णे.

पावसाळ्यात पांढऱ्या-नारिंगी ठिपक्यांची काळी अळी दोघींवर येते आणि दोन रात्रींत पान फस्त करते. संध्याकाळी हातानेच वेचा. कांदे विषारी असतात, घरात कुत्रा असेल तर कुंडी उंचावर ठेवा.