पाचगणी, दोन दिवस, सोबत आईवडील: आधी पॉइंटांची यादी निम्मी करा

सांगलीहून जानेवारीतला शनिवार-रविवार, सोबत सत्तरीचे आईवडील आणि सहा वर्षांची मुलगी, मुक्काम पाचगणीत, आणि गाडीवाला म्हणतोय 'एका दिवसात बारा पॉइंट करून देतो'. देईलही करून. दार उघडा, कठड्याशी उभे राहा, फोटो काढा, दार लावा. पाचव्या पॉइंटला आजोबा गाडीतून उतरायचे नाहीत आणि घाटाच्या वळणांनी पोरीचं पोट ढवळेल ते वेगळंच. निम्मी यादी खोडा आणि दोन दिवसांच्या दोन दिशा ठरवा.

शनिवारी वाईमार्गे वर चढा. पसरणी घाट लागायच्या आधी मेणवलीला वाकडी वाट करा, वाईपासून अगदी जवळ आहे. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट आणि तिथे टांगलेली पोर्तुगीज घंटा, जिच्यावर १७०७ साल आहे. मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या मोहिमेनंतर अशा घंटा देवळादेवळांत पोचल्या, त्यातली ही एक. घाटाच्या पायऱ्या आईंनी नाही उतरल्या तरी चालेल, वरूनही छान दिसतं.

टेबललँड, म्हणजे पाचगणीच्या माथ्यावरचं पठार, त्याच दिवशी उरकू नका. दुपारी तिथे सावलीचा पत्ता नसतो आणि घोडेवाले पिच्छा सोडत नाहीत. रविवारी उजाडता उजाडता जा. वर जांभ्याचं सपाट पठार, खाली काळा कातळ. हिवाळ्यात पहाटे वाईच्या खोऱ्यात धुकं साचतं आणि ऊन चढलं की विरतं, म्हणून लवकर. घोड्यावर बसायचंच असेल तर फेरी कुठून कुठपर्यंत आणि पैसे किती, हे पोरीला वर बसवायच्या आधी ठरवा. नंतर घासाघीस होत नाही. गरम कपडे मात्र नीट घ्या. जानेवारीत वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी जवळपास दरवर्षी येते.

शनिवारची दुपार भिलारला द्या. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात, कुणीही बसून वाचावं. वडील वाचणारे असतील तर त्यांना तिथे सोडा आणि पोरीला घेऊन जवळच्या स्ट्रॉबेरीच्या वावरात जा. मालकाला विचारूनच आत शिरा, वाफ्यावर पाय नको. तोडताना पान बाजूला सारून फळाची देठाकडची बाजू बघा. तिथे पांढरं असेल तर ते राहू द्या. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही, घरी नेऊन रंग चढला तरी गोडी वाढत नाही. रस्त्यावर डबा घेताना तो उलटा करून तळ बघायचा. वर टपोरी आणि खाली बारकी, हा प्रकार सगळीकडे चालतो.

रविवारी टेबललँड झालं की महाबळेश्वर. बाजारात अडकू नका, थेट क्षेत्र महाबळेश्वर गाठा. सांगलीच्या माणसाने तर हे चुकवूच नये. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचं पाणी गोमुखातून पडतं. त्यातली वेण्णा माहुलीला कृष्णेत मिळते, कोयना कराडला प्रीतिसंगमावर, आणि मग सगळं तुमच्या सांगलीच्या आयर्विन पुलाखालून जातं. २०१९ च्या पुरात घरात शिरलेलं पाणी याच डोंगरांवरून उतरलेलं. सावित्री तेवढी उलट्या बाजूने कोकणात उतरून बाणकोटला समुद्राला मिळते. जवळच कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ आहे. तिकडे गर्दी फिरकत नाही, पण वाट खडबडीत आहे, आईंचा हात धरा.

तिथून पुढे आर्थर सीट. सावित्रीचं खोरं पायाखाली सरळ तुटलेलं दिसतं. पुढच्या टोकापर्यंत चालायचा आग्रह आजीआजोबांना करू नका, अलीकडूनही कडा दिसतो. माकडं आहेत, पोरीच्या हातात खाऊची पुडी नको. दुपार कलली की केट्स पॉइंट. तो पूर्वेकडचा, त्यामुळे ऊन पाठीशी येतं आणि बलकवडी-धोम धरणांचं पाणी स्वच्छ दिसतं. सकाळी तिथे सूर्य डोळ्यांवर येतो, नुसता चकाकता पांढरा पट्टा दिसतो. सगळे गाडीवाले सकाळीच नेतात, का ते देव जाणे.

प्रतापगड या वेळी नको. पायऱ्या खूप आहेत आणि दोन तासांत उरकायची ती जागाही नाही. वेण्णा तलावातली बोट रविवारी रांगेपायी सोडा. मुंबई पॉइंटचा सूर्यास्तही सोडा, कारण परतीला केळघर घाट उजेडी उतरलेला बरा. उतरताना मेढ्यावरून साताऱ्याला निघाल, म्हणजे वाईचा रस्ता परत करायला नको. साताऱ्यात कंदी पेढे घ्या, पण चव घेऊनच. ताजा पेढा खमंग भाजलेला लागतो आणि बोटाने दाबला की रवाळ फुटतो.

आणि गाडीवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, किलोमीटरचे पैसे पूर्ण मिळतील, पॉइंट मात्र आम्ही ठरवू. म्हणजे सकाळी तोंड वाकडं होणार नाही.