वाचकांचे प्रश्न : चेंडू सोडून रोबो कपाटामागे

प्रश्न : रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक) आणि साधा यूएसबी वेबकॅम लावून लाल चेंडूमागे धावणारा रोबो केला आहे. रात्री ट्यूबलाइटमध्ये नीट चालतो. दिवसा खिडकीतून ऊन आलं की चेंडू सोडून सागवानी कपाटाकडे वळतो. शिवाय चेंडू हलल्यावर जरा उशिराच वळतो. लाल ओळखायला प्रोग्राममध्ये दिलेल्या रंगाच्या मर्यादा रोज बदलाव्या लागतात का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : मर्यादा राहू द्या, आधी कॅमेऱ्याला वेसण घाला. ऑटो व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंग आपोआप जुळवणं) आणि ऑटो एक्स्पोजर (प्रत्येक चित्रासाठी प्रकाश किती वेळ घ्यायचा ते आपोआप ठरवणं) चालू असले की ऊन येताच कॅमेरा स्वतःच रंग फिरवतो; रात्री बसवलेले आकडे सकाळी खोटे ठरतात. व्ही४एल२-सीटीएल या लिनक्सवरच्या कॅमेरा-सेटिंगच्या कमांडने दोन्ही बंद करा. एक्स्पोजर १० मिलिसेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. एक्स्पोजर १० च्या पटीत नसेल तर चित्रावर आडवे पट्टे सरकतात. भर उन्हात चित्र पांढरं पडलं तर सरळ पडदा ओढा.

आता कपाट. ओपनसीव्ही या चित्र ओळखणाऱ्या लायब्ररीत ह्यू, म्हणजे रंगछटेचा आकडा, ० ते १७९ असतो; १७९ नंतर चक्र पुन्हा ० वर येतं आणि लाल नेमका त्या सांध्यावर येतो. ० ते ८ आणि १७२ ते १७९ असे दोन मास्क (फक्त त्या रंगाचे पिक्सेल दाखवणारी काळी-पांढरी चित्रं) काढून जोडा. सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) १२०च्या वर, व्हॅल्यू (उजळपणा) ६०च्या वर, इथून सुरुवात करा. तपकिरी म्हणजे अंधारलेला नारिंगीच. सागवान आणि आपल्या हाताची त्वचा साधारण १० ते २० मध्ये पडतात. वरची मर्यादा ८च्या पुढे सैल केलीत की कपाट आलंच म्हणून समजा. खरं तर लालचा हट्ट कशाला? पडदे निळे नसतील तर निळा चेंडू घ्या, ह्यू १०० ते १३०. सांध्याची कटकटच नाही.

चेंडूच्या माथ्यावर चकाकणाऱ्या ठिपक्यात रंग उरत नाही, तिथे मास्कला भोक पडतं. फक्त बाहेरचा कंटूर, म्हणजे आकाराची कडा, घ्या, म्हणजे ते आपोआप बुजतं. चकचकीत टाइल्सवरचं प्रतिबिंब मात्र चेंडूला चिकटून आकार खाली लांबवतं. कॅमेरा थोडा उंच बसवून खाली झुकवा.

उशीर बहुतेकदा बफरचा, म्हणजे चित्रं तात्पुरती साठवणाऱ्या रांगेचा असतो: प्रोग्राम मागे पडला की जुन्या फ्रेम (कॅमेऱ्याची एकेक चित्रं) तिथे साचतात. फ्रेम वाचायला वेगळा थ्रेड (प्रोग्राममध्येच समांतर चालणारं काम) ठेवा, फक्त शेवटची वापरा. चित्राचा आकार ३२० × २४० पिक्सेल पुरे.

प्रश्न : चेंडू खुर्चीमागे गेला की रोबो जागच्या जागी थरथरतो.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : चेंडू नसताना मास्कमधले बारीक ठिपकेच त्याला चेंडू वाटतात. ३०० पिक्सेलपेक्षा लहान कंटूर टाकून द्या. सलग १० फ्रेम काही दिसलं नाही तर चेंडू ज्या बाजूने गेला त्या बाजूला हळू वळवा.