इंग्रजी हीच पहिली भाषा असेल, तर सर्वात सोपी परदेशी भाषा कोणती?

तुम्ही लिहिलंय की मुलगा अमेरिकेत वाढलाय, इंग्रजी हीच त्याची पहिली भाषा आहे आणि आता शाळेत एक परदेशी भाषा निवडायची आहे. कागदावरचं उत्तर छोटं आहे. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं. त्यांच्या वर्गवारीत स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज, डच, नॉर्वेजियन, स्वीडिश या सोप्या गटात येतात, म्हणजे २४ ते ३० आठवडे. जर्मनला ३६ आठवडे, हिंदीला ४४, जपानीला ८८.

मी २०१८ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला आले, तेव्हा ही यादी माझ्या दादाने मला ह्यूस्टनहून पाठवली होती. खाली लिहिलं होतं, "डच सोपी आहे, पण ज्याचं इंग्रजी पक्कं त्याला. तुला जड जाईल. त्यापेक्षा इंग्रजीच सुधार, तिथे सगळ्यांना येतं." तो सातवीनंतर पुण्याला इंग्रजी शाळेत गेला, मी साताऱ्यात मराठी माध्यमातच राहिले. हे वाक्य मला तेव्हा लागलं आणि अजून लागतं, म्हणून एवढं लिहायला बसले.

तरी मी डचचा क्लास लावला. तिथे माझ्या शेजारी इंग्लंडमधल्या मँचेस्टरची एक मुलगी बसायची. पहिले तीन महिने ती माझ्या कितीतरी पुढे होती. अपेल, मेल्क, बूक, हाउस, वाटर, हे सगळे शब्द इंग्रजीसारखेच, म्हणून तिला घरबसल्या मिळालेले. मी रात्री वही घेऊन पाठ करायचे. दादाचंच खरं, असं वाटून दोनदा क्लास सोडायला निघाले होते.

मग आकडे आले. डचमध्ये चोवीसला 'फीर-एन-ट्विंतिख' म्हणतात, म्हणजे चार आणि वीस. तिला ते कायम उलटं वाटायचं, फोन नंबर लिहून घेताना ४२ च लिहायची. आपल्या 'चोवीस'मध्ये चार आधी आणि वीस नंतर लहानपणापासून बसलेलेच आहेत. मग 'हाल्फ द्री' आलं. इंग्लंडमध्ये 'हाफ थ्री' म्हणजे साडेतीन, पण डचमध्ये हाल्फ द्री म्हणजे अडीच. ती दाताच्या डॉक्टरकडे तासभर उशिरा पोचली आणि अपॉइंटमेंट गेली. मला मात्र ते ऐकताक्षणी कळलं, कारण आपला 'अडीच' मुळात 'अर्धतृतीय'च आहे, तिसरा अर्धा. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

पुढे तर मराठी पावलोपावली कामी आली. 'कारण मी उद्या पुण्याला जाते' हे डचमध्ये 'ओमदात इक मॉर्खन नार पुणे खा'. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. इंग्रजी बोलणाऱ्याला ते 'खा' शेवटपर्यंत धरून ठेवणं अवघड जातं. नामांच्या आधी, इंग्रजीतल्या 'द'सारखं, 'दे' किंवा 'हेत' लागतं, आणि 'हेत' म्हणजे नपुंसकलिंग. 'मेइश्य' म्हणजे मुलगी, पण शब्द नपुंसकलिंगी, कारण लाडाचा, लहान रूपाचा प्रत्येक शब्द तिथे नपुंसकलिंगी होतो. बाईंनी हे सांगितलं तेव्हा वर्गात सगळे हसले. मला लेकरू, कोकरू, पिल्लू आठवलं आणि नियम पाठ करावाच लागला नाही.

पण खरी अडचण व्याकरणात नव्हतीच. इथे तुम्ही एक शब्द चुकलात की समोरचा लगेच इंग्रजीत बोलतो. मदत म्हणूनच बोलतो, पण त्याने शिकणं थांबतं. मँचेस्टरच्या मुलीचे उच्चार ऐकले की बेकरीतली बाई, बसचा ड्रायव्हर, नगरपालिकेतला माणूस, सगळे इंग्रजीवर यायचे. आणि तिलाही तेच सोयीचं वाटायचं. वर्षभराने तिने क्लास सोडला. मीही इंग्रजीवर गेले असते, पण माझं इंग्रजी अडखळत होतं. आणि शेजारच्या आजींना इंग्रजी येत नव्हतं. ऐंशी पार केलेल्या, एकट्या राहणाऱ्या. दर गुरुवारी मला कॉफीला बोलवायच्या, माझं वाक्य चुकलं की हात वर करून थांबवायच्या, परत म्हणायला लावायच्या आणि मगच बिस्किटांचा डबा पुढे करायच्या. २०२१ मध्ये मी डचची बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची सरकारी परीक्षा पास झाले, वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं चारही.

म्हणून माझं स्पष्ट मत: 'सोपी भाषा' हा प्रश्न आठवड्यांच्या यादीने सुटत नाही. माझा दादा वीस वर्षं ह्यूस्टनमध्ये राहतोय. त्याच्या गल्लीत, दुकानात, ऑफिसात स्पॅनिश बोलणारी माणसं आहेत, भाषा त्याच सोप्या गटातली, इंग्रजी त्याचं पक्कं. तरी त्याला स्पॅनिशमध्ये जेवण मागवण्यापलीकडे काही येत नाही. कारण एकच, त्याला कधी गरज पडली नाही आणि त्याने कधी इंग्रजी बाजूला ठेवली नाही. इंग्रजी पक्कं असणं हा शब्दसंग्रहापुरता फायदा आहे. बोलायला लागायचं तेव्हा तीच आडवी येते.

तुमच्या मुलाबद्दल: अमेरिकेत असाल तर स्पॅनिश घ्या. बोलायला माणसं मिळतील. क्रियापदांची रूपं भरपूर आहेत आणि 'असणे'साठी दोन वेगळी क्रियापदं आहेत, तिथे वर्षभर घोटाळा होईल, होऊ द्या. फक्त सोपेपणाच पाहायचा असेल तर दक्षिण आफ्रिकेतली आफ्रिकान्स, डचमधूनच निघालेली, कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलत नाही, लिंगं नाहीत. पण शाळेत ती मिळणं कठीण.

एक सांगायचं राहिलं. ते आठवडे पूर्णवेळ, रोज वर्गात बसून शिकणाऱ्या अधिकाऱ्यांचे आहेत. शाळेच्या रोजच्या एका तासाला ते लावू नका. आणि माझा अनुभव एका गावातला, एका आजींच्या जिवावरचा आहे. ॲम्स्टरडॅमला राहिले असते तर कदाचित मलाही जमलं नसतं.

दादा गेल्या दिवाळीत आला होता. आजी त्याच्याशी डचमध्ये अर्धा तास बोलल्या आणि मी मराठीत सांगत गेले. जाताना त्याने विचारलं, "'पुन्हा या'ला त्या काय म्हणाल्या?" मी तीन वेळा म्हणून दाखवलं. चौथ्या वेळी त्याला जमलं.