कँडीचा ‘राजा’ नेमका कुठला?

प्रश्न : आमच्या वस्तीतील उपासक-उपासिका नुकतेच श्रीलंकेची धम्मयात्रा करून आले. कँडीच्या दंतधातू विहाराच्या आवारात ‘राजा’ नावाचा, पेंढा भरून जतन केलेला हत्ती आम्हांला दाखवला आणि तो म्हैसूरहून आणलेला असल्याचे वाटाड्याने सांगितले. माझा भाऊ म्हणतो, तो तिकडच्याच जंगलातला. खरे काय? तो खरोखरच भगवंतांचा दात वाहत असे का? बुद्ध पौर्णिमेच्या आमच्या मिरवणुकीत हत्ती आणावा, असे काही तरुणांच्या मनात आहे, त्याबद्दलही लिहावे.
— एक वाचक, इंदोरा, नागपूर

उत्तर : तुमच्या भावाचे बरोबर आहे, वाटाड्याने दोन हत्तींची गल्लत केली. तुम्ही पाहिलेला राजा बट्टिकलोआ जिल्ह्यातील एरावूरच्या रानातला. १९३७ साली तो विहाराला दान मिळाला आणि १९५० पासून, म्हणजे बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी सिलोनला गेले त्याच वर्षापासून, १९८७ पर्यंत एसला पेरहेरात, म्हणजे कँडीच्या वार्षिक धार्मिक मिरवणुकीत, मानाचा करंडक (धातूची पेटी) त्याच्याच पाठीवर असे. १९८६ मध्ये सरकारने त्याला राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित केले, आणि १६ जुलै १९८८ रोजी तो गेला तेव्हा देशाने दुखवटा पाळला.

म्हैसूरचा तो नडुंगमुवा राजा. म्हैसूरच्या महाराजांनी तो एका वैद्यकी करणाऱ्या भिक्खूंना भेट दिला होता. सुमारे साडेदहा फूट उंचीचा हा हत्ती पेरहेरासाठी दरवर्षी ९० किलोमीटर, म्हणजे नागपूरहून वर्ध्याला जावे त्याहूनही अधिक, घाटरस्त्याने पायी कँडीला जाई. रस्त्यात एका दुचाकीची धडक थोडक्यात टळली, तेव्हा सरकारने त्याला सशस्त्र रक्षक दिले. ७ मार्च २०२२ रोजी त्याचे निधन झाले.

दंतधातू, म्हणजे भगवंतांचा तो दात, मात्र विहाराबाहेर नेत नाहीत. हत्तीवर असते ती करंडकाची प्रतिकृती. सिंहली लोक तिला ‘करंडुव’ म्हणतात, आणि हा शब्द आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. प्रतिकृती असली तरी मान कमी होत नाही. हत्तीचा पाय उघड्या रस्त्यावर पडू नये म्हणून सेवक पुढे पांढऱ्या कापडाच्या घड्या उलगडत जातात, दोन्ही अंगांना दोन हत्ती चालतात, आणि करंडक जवळ येताच रस्त्याकडेला बसलेली माणसे हात जोडून उठून उभी राहतात. अर्थात त्याच पांढऱ्या कापडावरून हत्तीच्या पायातली साखळीही वाजत जाते, आणि ती मला नजरेआड करता येत नाही.

राहिला तुमच्या मिरवणुकीचा प्रश्न. हत्ती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येतो. मालकीचा दाखला आणि वन खात्याची परवानगी यांवाचून तो आणता येणार नाही. परवानगी मिळाली तरी वैशाखातल्या नागपूरच्या तापल्या डांबरावर आणि डीजेच्या भिंतीपुढे त्याला उभे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. करंडक फुलांनी सजवलेल्या रथात ठेवा, आणि पायघड्या घालण्याचे काम त्या तरुणांकडे द्या.